तेलाचे थेंब खरे की स्फटिक?

इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार १.६ × (१० चा उणे १९ वा घात) कूलंब, हे तुम्ही पाठ केले असेल. पण तो मोजला कसा?

शिकागो विद्यापीठात रॉबर्ट मिलिकन यांनी दोन धातूच्या चकत्यांमध्ये तेलाचे सूक्ष्म थेंब सोडले. थेंब खाली येण्याच्या वेगावरून त्याचे वजन काढायचे. विद्युतक्षेत्र लावले की तो वर चढतो, त्या वेगावरून भार. प्रत्येक थेंबावरील भार एकाच छोट्या भाराच्या पूर्ण पटीत निघाला! त्या छोट्या भारासाठी १.६ च्या जागी १९१३ साली आलेला आकडा होता सुमारे १.५९२.

पुढे क्ष-किरणांनी स्फटिकांतील अंतरे मोजून हाच भार काढला, तर तो जास्त भरला. मग चूक कोणाची? थेंबांची नव्हे, हवेची! थेंबाचा वेग हवेच्या श्यानतेवर, म्हणजे तिच्या अडथळ्यावर, अवलंबून असतो आणि मिलिकन यांनी घेतलेली श्यानता सुमारे ०.४ टक्क्याने कमी होती. सूत्रात तिचा दीडवा घात येतो, म्हणून भारातील चूक ०.६ टक्क्याच्या घरात गेली. १९३० नंतर श्यानता नव्याने मोजली गेली, तेव्हा आकडा १.६०२ वर आला.

उष्मामापीच्या प्रयोगात तांब्याची विशिष्ट उष्णता तुम्ही कोष्टकातून घेता ना? ती एक टक्क्याने चुकीची धरून उत्तर पुन्हा काढून पाहा.