दिवा लागल्यावर काय?

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागतं. तिथल्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडची कापडगिरणी १९९१ पासून आहे. सौंसरचा हातमाग त्याहून कितीतरी जुना. म्हणजे कापड विणणं या भागाला नवं नाही, नवी आहेत ती यंत्रं. मग नव्या यंत्रासाठी कामगाराला नेमकं काय शिकवायला हवं? सहसा उत्तर मिळतं, ‘कॉम्प्युटर.’ मला ते अर्धवट वाटतं.

रॅपियर मागाचंच बघा. यात धोटा नसतो. आडवा धागा एका बाजूने एक पकड आणते आणि मध्यावर दुसरी तो आपल्याकडे ओढून घेते. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, वीजमंडळ पूर्ण होतं, माग थांबतो आणि दिवा लागतो. पूर्वी विणकर तुटलेला धागा डोळ्यांनी शोधायचा, आता ते काम पट्टी करते. म्हणूनच एक कामगार एकाच वेळी कितीतरी माग सांभाळू शकतो.

मग कामगाराचं कसब संपलं का? आमच्या शेजारचे एक काकाजी बरीच वर्षं मागावर होते. त्यांना विचारलं तर हसले. म्हणाले, “लाइट लागला म्हणजे धागा तुटला, हे तर पोट्टंही सांगते. पण काहून तुटला, थे लाइट नाही सांगत.”

सगळी गोम इथेच आहे. ताण जास्त झाला? सूत कुठे कच्चं राहिलं? गाठ जाड बसली? की हवा कोरडी पडली? कोरड्या हवेत सूत लवकर तुटतं, म्हणून विणकामाच्या खात्यात हवेतला ओलावा राखावा लागतो. आमच्याकडचा मे महिना आठवा! हातमागावर बसलेल्या माणसाला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. प्रशिक्षणाची सुरुवात त्याच्या या माहितीपासून केली, तर स्क्रीनवरचे आकडे त्याला परके वाटणार नाहीत.

पण इथे भाषा आडवी येते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. घरात मराठी, आयटीआयमध्ये मुख्यतः हिंदी आणि यंत्राच्या पुस्तिकेत बहुधा इंग्रजी. कारण मराठीत सुचतं, पण सुपरवायझरला सांगायचं हिंदीत आणि बटण दाबायचं इंग्रजी वाचून. मुलगा गप्प बसला की त्याला ‘येत नाही’ असं धरतात. भाषेची विद्यार्थिनी म्हणून मला हे जास्त टोचतं.

१९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या विश्वपत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी तंत्रज्ञानाला माणसाचा साथीदार मानलं आहे. मात्र ते कामगाराचं समाधान आणि पुढाकार हिरावू लागलं तर जवळपास शत्रूच होतं, असंही ते बजावतात. ‘दिवा लागला, गाठ मार, बटण दाब’ एवढंच शिकवणं मला त्यातलंच वाटतं.

आयटीआयमध्ये २०१६ पासून दुहेरी प्रशिक्षणाची पद्धत आहे: पाठ संस्थेत, सराव कारखान्यात. त्या सरावात रोज दहा मिनिटं एवढंच करून बघावं. आज माग किती वेळा थांबला आणि काहून थांबला, हे प्रत्येकाने आपल्या बोलीत सांगायचं. मग फळ्यावर तेच मराठीत, हिंदीत आणि स्क्रीनवर दिसतं तसं लिहायचं. काकाजींना ही कल्पना सांगितली. त्यांनी एकच विचारलं, “फळ्यावर लिहीन कोन, आम्ही का सायेब?”