तिन्ही पेपरांत चाळिशी पार, तरी नापास?

प्रश्न : निपाणीत राहणारी माझी भाची सीए इंटरला बसते. पहिल्या ग्रुपमध्ये तिला ५८, ४७ आणि ४३ गुण पडले. पासाला चाळीस लागतात ना? मग ती नापास कशी? आधीचे अटेम्प्टही असेच थोडक्यात गेले. बेळगावऐवजी कोल्हापूर केंद्र घेतलं तर फरक पडेल का?

उत्तर : केंद्राचं आधी मिटवू. आपल्या सीमाभागात कशालाही 'इकडचं की तिकडचं' हा फाटा फुटतोच. सीएच्या संस्थेची बेळगाव शाखा दक्षिण विभागात येते, कोल्हापूरची पश्चिम विभागात. पण संस्था १९४९च्या केंद्रीय कायद्याने चालते आणि प्रश्नपत्रिका देशभर एकच. निपाणीहून कोल्हापूर जवळ, एवढाच काय तो फायदा. उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायची. मराठीही नाही, कन्नडही नाही, त्यामुळे त्यावरून भांडायचीही सोय नाही!

आता गुण. चाळीस ही अर्धी अट झाली. ग्रुपच्या एकूण गुणांत पन्नास टक्केही लागतात, म्हणजे तीन पेपरांत १५०. भाचीची बेरीज १४८. दोन गुण कुठूनही आले असते तरी ग्रुप सुटला असता.

इथे बहुतेक मुलं कच्चा विषय धरून बसतात. ४३चे ५० करायला रात्री जागवतात, आणि ५८चा विषय 'येतोय की' म्हणून बाजूला पडतो. मला हे उलटं वाटतं. एखाद्या पेपरात साठ किंवा जास्त गुण मिळाले आणि ग्रुप राहिला, तर त्या पेपरातून पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते, आणि ते गुण बेरजेतही धरले जातात. समजा, पुढच्या वेळी तिला ६६, ४४ आणि ३७ पडले. ३७मुळे नापासच, पण ६६ खात्यावर जमा. त्यानंतर उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८४ पुरतात, फक्त प्रत्येकी चाळीसच्या खाली जायचं नाही. म्हणून आधी ५८चे ६५ करायचे. कच्च्या विषयात चाळिशी सुरक्षित ओलांडण्यापुरता सराव मात्र हवाच.

एक चूक नेहमी घडते. पहिला पेपर छान गेला, दुसरा बिघडला, की तिसऱ्याला मुलं घरीच बसतात. ग्रुपचे सगळे पेपर दिले असतील तरच सूट मिळते. म्हणजे पहिल्यातले साठही हातचे गेले.

दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर एकातली तूट दुसऱ्यातल्या वाढीने भरून निघते. या ग्रुपमध्ये १४८ आणि दुसऱ्यात १५२ असते, तर सहाशेपैकी तीनशे होऊन दोन्ही सुटले असते. मात्र अभ्यास सहाही पेपरांचा झालेला असेल तरच या वाटेला जावं.

'पेपर पुन्हा तपासून घेऊ' असंही घरचे म्हणत असतील. पडताळणीत एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज चुकली का, एवढंच पाहतात. नव्याने गुण देत नाहीत. त्यापेक्षा उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. संस्थेने प्रसिद्ध केलेल्या उत्तरांशेजारी ती ठेवली की विषय कच्चा होता, की येत असूनही मांडणीत गुण गेले, ते कळतं. जुन्या नोट्सवर विसंबू नका. करकायदा दरवर्षी बदलतो. शिवाय मे २०२४पासून शंभरपैकी तीस गुण बहुपर्यायी प्रश्नांना आहेत. नुसती लांब उत्तरं घोटणाऱ्यांचं तिथेच बिनसतं.

इंटरची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते. त्यामुळे पूर्वी दीड वर्ष पुरणारी सूट आता वर्षभरात संपते. 'नीट तयारी करून बसू' म्हणून मधली परीक्षा सोडली, तरी तीनमधली एक कमी झालीच.