पायऱ्यांनी उतरणारे पाणी
धबधब्याची वाट : एक अभ्यासपाठ

भिंगार हे अहिल्यानगर शहराला लागून, लष्करी छावणीच्या शेजारी वसलेले गाव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे या परिसरात वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरांच्या आतबाहेरच पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर येथे मात्र तो चार-पाच हजार मिलिमीटरांच्या घरात जातो. एकाच जिल्ह्याच्या सीमेत पावसाचे प्रमाण असे सात-आठ पटींनी बदलते. ज्या गावाने उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा पाहिल्या, त्या गावाला कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. आषाढ-श्रावणात नगर-भिंगारकडून डोंगरगणकडे आणि भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांची गर्दी ही त्या ओढीचीच साक्ष होय.

परंतु या ओढीला ज्ञानाची जोड नसेल तर आनंदाचे रूपांतर शोकात होण्यास काही मिनिटे पुरतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले व त्यात लहान मुलेही होती. पाणी वाढत असताना ती मंडळी प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी होती. तेव्हा धबधबा कसा तयार होतो, पाणी कसे वाढते, वाट कशी चालावी आणि गावाने कोणती व्यवस्था ठेवावी, हा केवळ हौशी पर्यटकांचा विषय राहत नाही. शाळेची सहल नेणारे शिक्षक, परवानगी देणारे अधिकारी आणि ज्यांच्या शिवारात धबधबा आहे ते पंचायत सदस्य या सर्वांनी तो समजून घेतला पाहिजे.

डोंगराचा जिना

महाराष्ट्रातील बहुतेक मोठे धबधबे एका उडीत खाली येत नाहीत. ते टप्प्याटप्प्याने उतरतात. खंडाळ्याजवळचा कुणे धबधबा, साताऱ्याकडील भांबवलीचा वजराई धबधबा आणि गोव्याच्या सीमेवर मांडवी नदीवरील, सुमारे ३१० मीटर उंचीचा दूधसागर ही त्याची ठळक उदाहरणे होत. महाराष्ट्रातील धबधब्यांच्या अशा टप्प्यांमागे दख्खनच्या खडकाची घडण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांमधून लाव्हारस पुनःपुन्हा वाहिला व थरावर थर साचत गेले. या खडकाला शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. आपले डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याच कारणाने.

लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा आतील भाग घट्ट व कठीण असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र व ठिसूळ राहतो. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टाही आढळतो. वाहते पाणी ठिसूळ भाग लवकर झिजविते. मग वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे येतो, त्याचा आधार सुटतो आणि एखाद्या दिवशी त्याची शिळा निखळून पडते. अशा रीतीने कडा मागे सरकतो व पायरी कायम राहते. जितके थर उघडे पडले असतील, तितके धबधब्याचे टप्पे होतात.

वर्गात हे दाखविण्यास खर्च लागत नाही. एका परातीत फरशीचे तुकडे आणि चिकणमाती यांचे आळीपाळीने चार थर रचावेत, परात थोडी तिरपी ठेवावी आणि वरून झारीने पाणी सोडावे. माती वाहून जाते, फरशीची कड पुढे राहते आणि शेवटी तुकडा खाली घसरतो. छज्जाखाली उभे राहून छायाचित्र काढणे धोक्याचे का, हे विद्यार्थ्याला मग निराळे सांगावे लागत नाही.

प्रत्येक टप्प्याच्या पायथ्याशी पाण्याच्या माराने डोह तयार होतो. डोहात फिरणारे दगडगोटे तळ कोरत राहतात. हीच क्रिया पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात उन्हाळ्यात उघडी दिसते. तेथील रांजणखळगे पाहिलेल्या मुलाला धबधब्याखालच्या डोहाचा तळ सपाट नसतो, त्यात अचानक माणूसभर किंवा त्याहून खोल खड्डे असू शकतात, हे आपोआप उमगते. म्हणून धबधब्याच्या सहलीपूर्वी, उन्हाळ्यात, एक सहल निघोजला न्यावी, अशी आमची शिक्षकांना सूचना आहे.

घराजवळचा पाठ : डोंगरगण

भिंगारच्या उत्तरेस, वांबोरीच्या वाटेवर, डोंगरगण हे गाव आहे. येथील महादेवाचे स्थान आणि झाडीने भरलेली दरी प्रसिद्ध आहे. इंग्रजी अमदानीत छावणीतील अधिकारी या दरीला ‘हॅपी व्हॅली’ म्हणत व हे नाव अजूनही चालते. पावसाळ्यात येथे लहान धबधबा वाहतो. तो भव्य नसला तरी पहिल्या पाठासाठी लहान धबधबाच बरा. शेजारच्या मांजरसुंब्याच्या परिसरातून डोंगररांग नीट न्याहाळता येते. या रांगेच्या उत्तर उताराचे पाणी गोदावरीच्या खोऱ्याकडे जाते, तर दक्षिणेकडे सीना नदी ते भीमेकडे नेते. एकाच डोंगरमाथ्यावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक पैठणकडे तर दुसरा पंढरपूरच्या नदीकडे वळतो, हे मुलांना जागेवर दाखविता येते. पाणलोट क्षेत्र या शब्दाचा अर्थ फळ्यापेक्षा तेथे लवकर कळतो.

मोठा पाठ : प्रवरेचे उतरणे

दुसरी सहल राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने भंडारदऱ्यास न्यावी. संगमनेरपासून पुढे जसजसे पश्चिमेस जावे, तसतशी बाजरीची शिवारे मागे पडतात आणि भाताची खाचरे दिसू लागतात. पर्जन्यमानाचा नकाशाच जणू खिडकीतून सरकत जातो. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. रतनवाडी येथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. नदीवरील भंडारदरा धरणाचे बांधकाम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला देण्यात आले. धरणातून पाणी सोडले म्हणजे पायथ्याच्या खडकावरून ते छत्रीच्या आकाराने पसरते. हाच ‘अंब्रेला फॉल’. तेथून काही मैलांवर प्रवरा रंधा येथे अरुंद घळीत झेप घेते. शेजारीच घोरपडादेवीचे मंदिर आहे.

येथे एक मुद्दा शिक्षकांनी आवर्जून सांगावा. अंब्रेला व रंधा हे दोन्ही धबधबे धरणाखाली आहेत. तेथील पाणी आकाशातील ढगांवरच नव्हे, तर धरणाच्या दरवाजांवरही अवलंबून असते. डोक्यावर ऊन पडले असताना पात्रातील पाणी वाढू शकते. उलट रतनगड-घाटघर बाजूच्या कड्यांवरील टप्प्याटप्प्यांचे धबधबे केवळ पावसाचे आहेत. ते पावसाबरोबर फुगतात व पाऊस थांबताच ओसरू लागतात. कोणता धबधबा कोणत्या प्रकारचा आहे, हे ठाऊक असल्यावाचून पात्रात पाय ठेवू नये.

हा सर्व परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात व त्याच्या लगत येतो. हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील प्रवेशास परवानगी आवश्यक असते. दूधसागरलाही असेच वन खात्याचे नियम लागू आहेत. तेथे लोहमार्गावरून चालत जाणे हा रेल्वे कायद्याखालील अपराध आहे, हेही सहलप्रमुखांनी ध्यानात ठेवावे.

पाण्याचे गणित

धबधब्याच्या वर एक चौरस किलोमीटर एवढे लहान पाणलोट आहे असे धरू. तेथे तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एकूण ५०,००० घनमीटर म्हणजे पाच कोटी लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे जरी ओढ्याला आले, तरी दर सेकंदाला सुमारे सात हजार लिटर पाणी धबधब्यावर येते. म्हणजे पाण्याचा मोठा टँकर प्रत्येक सेकंदाला रिता व्हावा तसे! पाऊस वर माथ्यावर पडतो व खाली उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतही नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ‘अचानक पाणी आले’ या वाक्यातील ‘अचानक’ या शब्दाचा उलगडा होतो.

दुसरे गणित वेगाचे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर माणसावरील रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून घोट्याएवढ्या संथ पाण्यातील धीर गुडघ्याएवढ्या वेगवान पाण्यात कामास येत नाही. तिसरे गणित उंचीचे. २० मीटरांच्या एका टप्प्यावरून सुटलेला दगड दोन सेकंदांत खाली येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटर असतो. धारेखाली डोके धरणाऱ्याने हा आकडा विसरू नये. आठवी-नववीच्या मुलांकडून ही तिन्ही गणिते सहलीच्या आदल्या दिवशी सोडवून घ्यावीत.

वाट चालताना

निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. नारिंगी किंवा तांबडा इशारा असेल तर सहल पुढे ढकलावी. ठरलेला दिवस मोडण्यात कमीपणा नाही. पालकांची लेखी संमती, मुलांची यादी व परतीची वेळ शाळेत ठेवावी. डोंगरात दूरध्वनीचा संपर्क तुटतो, म्हणून आपण कोठे जात आहोत व केव्हा परतणार, हे पायथ्याच्या गावातही सांगून जावे. गावातील माहीतगार वाटाड्या बरोबर घ्यावा व त्याचा मेहनताना आधी ठरवावा.

चढाई सकाळी लवकर सुरू करावी. परतीचा एक तास निश्चित करावा आणि तो झाला की धबधबा दिसत असला तरी माघारी वळावे. सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे अनुभवी शिक्षक आणि प्रत्येक थांब्यावर मोजदाद, असा क्रम ठेवावा. बहुटप्पी धबधब्याचा वरचा टप्पा गाठण्याचा मोह मोठा असतो. परंतु ओल्या खडकावर चढणे सोपे व उतरणे अवघड, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. शेवाळ धरलेल्या काळ्या खडकावर पाय देऊ नये, कड्याच्या काठाला जाऊ नये. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर गोंगाट व धूर करू नये.

पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पालापाचोळा व काटक्या दिसू लागल्या, किंवा आवाज बदलून घुमू लागला, तर वर पाऊस झाला असे समजून क्षणाचाही विलंब न करता उंच काठ गाठावा. साहित्य मागे राहिले तरी चालेल. पैलतीरावर अडकल्यास पाणी ओसरेपर्यंत थांबावे. पावसाचे ओढे बहुधा काही तासांत उतरतात. बुडणाऱ्यामागे उडी न टाकता दोर, काठी किंवा पंचा फेकावा. तातडीच्या मदतीसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावेत.

ग्रामपंचायतीचे काम

धबधबा ही गावाची संपत्ती आहे, तशी ती जबाबदारीही आहे. पर्यटक चार तास येतात, पण त्यांनी टाकलेले प्लास्टिक खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात वर्षभर राहते. अपघात झाला तर दोर घेऊन प्रथम धावतात ते गावातलेच तरुण. म्हणून ग्रामसभेने पावसाळ्यापूर्वी, जून उजाडण्याच्या आत, पुढील गोष्टींचा विचार करावा. वाहने धबधब्यापासून दूर एका ठिकाणी उभी करावीत व त्याचे शुल्क नियमानुसार पावती देऊन घ्यावे. पात्रालगतच्या खडकावर ठळक रंगाने धोक्याची रेषा आखावी आणि पाणी रेषेला लागताच प्रवेश बंद करावा. ‘सावधान’ एवढाच शब्द असलेला फलक निरुपयोगी ठरतो. डोह किती खोल आहे, येथे कोणती दुर्घटना घडली, पाणी कोठून येते, हे सोप्या मराठीत लिहिलेला फलक माणसाला थांबवतो. दोर व हवा भरलेल्या रबरी नळ्या हाताशी ठेवाव्यात आणि पाच-सहा युवकांना प्रथमोपचाराचे शिक्षण द्यावे. धरणाखालील गावांनी पाणी सोडण्याची सूचना आपणास वेळेवर मिळेल, अशी व्यवस्था पाटबंधारे विभागाशी बोलून ठरवावी. वनक्षेत्रात यांतील कोणतेही काम वन विभागास बरोबर घेऊनच करावे.

यातून रोजगारही उभा राहतो. वाटाडे, भाकरी-पिठल्याची सोय करणारे महिला बचत गट, मुक्कामाची घरे यांतून भाताच्या लावणीनंतरच्या दिवसांत चार पैसे गावात येतात. एक दुर्घटना मात्र ही मिळकत एका दिवसात बंद पाडते. सरकारी बंदी आली म्हणून गाव नाराज होते. तथापि, व्यवस्था नसेल तर बंदीखेरीज प्रशासनाच्या हाती दुसरा उपाय उरत नाही, हेही तितकेच खरे.

भिंगारसारख्या कोरडवाहू मुलखातील मुलाने धबधबा जरूर पाहावा. तो पाहताना त्याला खडकाचे थर दिसावेत, पाणलोट कळावे, आणि आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील कालव्यात येणारे पाणी कोणत्या डोंगरावर पडते याची जाणीव व्हावी. जे मूल हे शिकून परत येते, ते पुढे पाणी अडविणाऱ्या गावाचा जाणता नागरिक होते. सहल यशस्वी झाली की नाही हे ठरविण्याची कसोटी मात्र एकच : सकाळी गाडीत जितकी डोकी मोजली, तितकीच संध्याकाळी भिंगारच्या वेशीत उतरली पाहिजेत.