वेशभूषाकार होऊ इच्छिणाऱ्या भाचीस



वेशभूषा म्हणजे पात्राला नटवणे नव्हे. संहितेतला माणूस कोण, काय कमावतो, कोणत्या सालात आणि कोणत्या ऋतूत वावरतो, हे त्याने तोंड उघडण्याआधी प्रेक्षकाला कळावे, यासाठी तो कपडा असतो. फॅशन डिझायनर नवा कपडा विकण्यासाठी घडवतो. वेशभूषाकाराला विटलेला, ठिगळ लावलेला, दुसऱ्याच्या मापाचा कपडासुद्धा तितक्याच विचाराने निवडावा लागतो. या दोन कामांची गल्लत झाली की अभ्यासक्रमाची निवडही चुकते.

कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया, या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. ‘गांधी’ या चित्रपटासाठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात बॅरिस्टरचा सूट हळूहळू गळत जातो आणि पंचा उरतो. एका माणसाचे सगळे वैचारिक आयुष्य कपड्यांतून वाचता येते. असा प्रवास आखायला रेखाटणारा हात आणि इतिहासाचे वाचन, दोन्ही लागतात. शाळेत होणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा म्हणूनच टाळू नयेत.

चित्राइतकेच शिवणयंत्र महत्त्वाचे. कापड बेतणे, शिवणीत माया किती ठेवायची, नट ऐनवेळी बदलला तर कुठे उसवायचे, हे हाताला ठाऊक नसेल तर शिंप्याला सांगताही येत नाही. आयटीआयचा शिवणकामाचा वर्षाचा अभ्यासक्रम किंवा गावातल्या चांगल्या शिंप्याकडची उमेदवारी, यांपैकी काहीही चालेल. पण एक हवेच. नवे कापड जुने करण्याची विद्याही हातानेच येते: चहाच्या पाण्यात बुडवणे, कोपर-गुडघ्यांवर पॉलिश पेपर घासणे, धुण्याच्या सोड्यात उकळणे.

निरीक्षणाच्या बाबतीत शहापूर-मुरबाडच्या मुलीला शहरातल्या मुलीपेक्षा कमी नाही, जास्तच मिळालेले आहे. भातलावणीच्या चिखलात लुगड्याचा कासोटा किती वर खोचला जातो, घोंगडीची खोळ पावसात कशी घेतात, पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत बैल विकायला आलेल्या म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या नातवाच्या कपड्यांत काय फरक असतो, हे वहीत रेखाटून, तारीख घालून ठेवावे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी आणि आगरी घरांतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून त्यांच्या तरुणपणीचे नेसणे समजून घ्यावे. आजही पडद्यावर या सर्वांना एकाच ‘आदिवासी’ किंवा ‘गावठी’ पोशाखात उभे केले जाते. हा आळस आहे आणि ज्यांचे कपडे आहेत त्यांचा तो अपमानही आहे. ही चूक दुरुस्त करू शकेल अशी व्यक्ती याच तालुक्यांतून यायला हवी.

सरावासाठी सिद्धगडचा प्रसंग घ्यावा. मुरबाड तालुक्यातल्या या गडाच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी स्वातंत्र्यसैनिक वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. हा प्रसंग रंगवायचा तर कपडेपटात काय लागेल? महिना थंडीचा आहे. माणसे भूमिगत आहेत, धोब्याकडचे पांढरेशुभ्र धोतर त्यांच्या अंगावर कुठून येणार? करवंदीच्या जाळीत कापड कुठे फाटेल, वकिली केलेल्या कोतवालांजवळ शहरी कपड्यांतले काय उरले असेल, पोलिसांचा गणवेश कोणत्या छायाचित्रावरून पडताळायचा? गोळी लागण्याच्या दृश्याला एकाच कपड्याचे तीन-चार जोड लागतात, आणि सगळे सारखेच मळलेले असावे लागतात. पात्रागणिक असा तक्ता करता आला तर निम्मे शिक्षण झाले.

पुढच्या शिक्षणाचे मार्ग दोन. खारघरच्या निफ्टमध्ये, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत, बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांची पदवी घेता येते. तिथे कापडाचे ज्ञान पक्के होते, पण भर फॅशन आणि वस्त्रोद्योगावर असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यासाठी पदवी आणि नाटकाचा अनुभव लागतो, आणि वेशभूषा तिथे नेपथ्य-प्रकाशयोजनेच्या जोडीने शिकवली जाते. ज्याला पात्रांत रस आहे त्याने दुसरा मार्ग धरावा, आणि तोवर एकांकिका स्पर्धांचा कपडेपट सांभाळावा.

व्यवसायात सुरुवात सहायक म्हणून होते. मंगलदास मार्केट आणि उल्हासनगरच्या बाजारातून कापड आणणे, बिले जपणे, प्रत्येक दृश्याचे फोटो काढून गुंडी उघडी होती की लावलेली याची नोंद ठेवणे, ही कामे पहिली काही वर्षे पुरतात. मोबदला आणि तो केव्हा मिळणार हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे. तोंडी ठरलेले पैसे अनेकदा बुडतात. चित्रीकरण बहुधा गोरेगावला, आणि ते रात्री कधी आटोपेल ते सांगता येत नाही. शहापूरला परतायची आसनगावची शेवटची लोकल चुकते; मुरबाडला तर रेल्वेच नाही, कल्याणहून एसटी धरावी लागते. तेव्हा मुंबईत मुलींच्या वसतिगृहात किंवा ओळखीच्या घरी मुक्कामाची सोय पहिले काम स्वीकारण्याआधी करून ठेवावी आणि तिचा खर्च मोबदला ठरवतानाच हिशेबात धरावा.

— मामा