शाळेचे नेतृत्व : मान नव्हे, अमानत

मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी झाली किंवा शाळा व्यवस्थापन समितीची निवड आली, की गावात प्रथम चर्चा होते ती नात्यागोत्याची आणि गटातटाची. पवित्र कुरआनने मात्र पहिला निकष वेगळाच ठेवला आहे. सूरह अन्-निसाच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याचा आदेश आहे. प्रत्येक पद ही अमानत आहे. शाळेचे पद तर इतरांच्या लेकरांच्या आयुष्याची अमानत होय.

पात्रता आणि सचोटी

सूरह अल-कसस (आयत 26) मध्ये हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करताना दोन गुण सांगितले आहेत : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. शाळेला हे दोन्ही गुण एकत्र हवेत. विषय जाणणारा पण वेळ न पाळणारा शिक्षक, अथवा प्रामाणिक पण निर्णय न घेणारा मुख्याध्यापक, दोघांकडूनही मुलांचे नुकसानच होते. हजरत अबू जर (रजि.) यांच्या धर्मनिष्ठेविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही त्यांनी पद मागितले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना प्रेमाने सांगितले, की हा भार तुम्हाला पेलणार नाही आणि जो त्याचा हक्क अदा करणार नाही, त्याला कियामतच्या दिवशी पश्चात्ताप होईल (मुस्लिम). केवळ सज्जनपणा म्हणजे पात्रता नव्हे.

सौम्यता

उहुदच्या युद्धात तिरंदाजांनी आपली जागा सोडली आणि सुमारे 70 सहाबा शहीद झाले. या प्रसंगानंतर सूरह आलिइमरानची 159 वी आयत अवतरली. चूक करणाऱ्यांना क्षमा करा, त्यांच्यासाठी अल्लाहकडे माफी मागा आणि कामकाजात त्यांचाच सल्ला घ्या, असा आदेश प्रेषितांना देण्यात आला. नेत्याचे अंतःकरण कठोर असते, तर लोक पांगले असते, असेही त्यात बजावले आहे. शाळेतही हेच घडते. शब्दांचा मार बसला, की सर्वांत आधी पांगते ते गरिबाचे मूल. आणि सातवी-आठवीत शाळा सोडलेली मुलगी सहसा परत येत नाही. नमाजमध्ये अजाणतेपणी बोललेल्या मुआविया बिन हकम (रजि.) यांना प्रेषितांनी ना रागावले, ना मारले, केवळ समजावून सांगितले. त्यांच्याहून उत्तम शिक्षक आपण पाहिला नाही, अशी साक्ष मुआविया (रजि.) यांनी दिली (मुस्लिम). आपल्या देशात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. प्रेषितांचा आदर्श त्याआधी चौदा शतके समोर होता.

सल्लामसलत

त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ही शूराचीच संधी आहे. परंतु ठराव आधीच लिहून ठेवून मातांची केवळ सही घेतली, तर समिती असूनही सल्लामसलत झालेली नसते.

स्वतःच्या हाताने सेवा

मस्जिदे नबवीच्या बांधकामात प्रेषितांनी स्वतः विटा वाहिल्या. खंदक खोदताना माती उचलली. या गुणाचे एक उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. शिंदखेड्याहून ज्या रेल्वेमार्गाने जळगावकडे जातात, त्याच मार्गावरील अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी आली, तेव्हा ते मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणे आवरत, कपडेही धूत. हुकूम न सोडता त्यांनी मुलांना शिस्त लावली. पुढे याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. चांगला गुण जेथे दिसेल तेथून तो घेण्यात श्रद्धावंताला संकोच नसावा.

शिंदखेडा तालुक्यातील शिक्षक, समिती सदस्य व पालक बंधू-भगिनींनी या चार कसोट्या प्रथम स्वतःला लावून पाहाव्यात. गैरहजर मुलाच्या घरी या आठवड्यात कोणी गेले का? पुढील बैठकीत मातांना बोलू दिले जाईल का? तुमच्यातील प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी विचारले जाईल, अशी प्रेषितांची शिकवण आहे (बुखारी, मुस्लिम). शाळेच्या हजेरीपटावरील प्रत्येक नाव हे त्या दिवशीच्या प्रश्नांपैकी एक आहे. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.