नाक हिरवं झालं तर होऊ दे!

सानू, तू पाठवलेली तिन्ही चित्रं पाहिली. पेन्सिल छान चालते तुझी, इंटरमिजिएटला ‘ए’ मिळवलेला हात लपत नाही. पण तिन्ही वेळा तू एकच काम केलंयस गं: मोबाइलमधला फोटो समोर ठेवलास आणि तो जसाच्या तसा कागदावर उतरवलास. खाली लिहिलंयस, “ताई, स्वतःचा चेहरा काढून कंटाळा आला.” येणारच! काय घ्यायचं, काय सोडायचं हे सगळं फोटोनेच ठरवून टाकलं. तुझ्या वाट्याला उरलं नुसतं शेडिंग.

तेव्हा तो फोटो आधी बाजूला ठेव. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे जातात, ते तू इमानेइतबारे काढत बसतेस. सरळ आरशासमोर बस. बसल्या बसल्या एक गंमत करून बघ. एक डोळा मीट आणि साबणाच्या वडीच्या कोपऱ्याने आरशावरच चेहऱ्याची कड गिरव. मग पट्टी लावून मोज. ती आकृती तुझ्या खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल, जवळ बसलीस तरी निम्मी आणि लांब सरकलीस तरी निम्मीच. जन्मभर आरशात बघणाऱ्यांनाही हे सांगितलं की खरं वाटत नाही. आपला चेहरा आपल्याला पाठ आहे, हा समज तिथल्या तिथे गळून पडतो. व्हॅन गॉगने आर्ल गावी असताना मुद्दाम एक बरा आरसा विकत घेतला होता, कारण मॉडेल मिळत नव्हती. त्याआधी पॅरिसमध्येही मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून १८८६ ते १८८८ या काळात त्याने वीसहून जास्त वेळा स्वतःलाच रंगवलं. फुकट बसणारं माणूस घरात तेवढं एकच होतं!

आता रंगाचं बोलू. तू घाबरतेस ती इथे. चेहऱ्याचा रंग चुकला तर चित्र फसलं, असं तुझ्या डोक्यात बसलंय. खरं म्हणजे चेहरा ओळखू येतो तो उजेड-सावलीमुळे. गडद जागी गडद आणि फिकट जागी फिकट रंग बसला, की तो रंग जांभळा आहे की पोपटी, याची डोळा फारशी तक्रार करत नाही. मातीसने १९०५ साली आपल्या बायकोचं चित्र काढलं, त्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ हिरवा पट्टा ओढलाय. बघताना आधी दचकायला होतं. मग लक्षात येतं, की चेहऱ्याची उजेडाकडची बाजू आणि सावलीची बाजू जिथे मिळतात, नेमका तिथेच तो पट्टा आहे. म्हणून तर नाक वर उठून दिसतं. त्या काळी लोक हसले. आज ते चित्र कोपनहेगनच्या संग्रहालयात मानाने टांगलंय.

तू असं कर. पोस्टर कलरच्या फक्त तीन बाटल्या घे: गडद निळा, नारिंगी आणि लिंबासारखा पिवळा. डोळे किलकिले करून आरशात बघ, म्हणजे बारकावे पुसट होतील आणि मोठे मोठे डाग तेवढे दिसतील. सगळ्यात काळोख्या जागी निळा, मधल्या जागी नारिंगी, उजेडात पिवळा. पापण्या, ओठांची रेघ, मुरुमाचा डाग, काही काढू नकोस. वाळलं की मोबाइलवर त्याचा फोटो घे आणि तो काळा-पांढरा करून बघ. तू दिसलीस तर रंग कुठलेही असोत, चित्र जमलं. नाही दिसलीस तर कुठे चुकलं ते त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत लगेच कळेल. मोबाइलचा एवढा उपयोग मला मान्य आहे.

आणि एक गोष्ट जरा कान धरून सांगते. खडूच्या पेटीत ‘स्किन कलर’ म्हणून गुलाबीसर खडू यायचा, आठवतो ना? तो आपल्या घरात कुणाचाच रंग नव्हता, तरी शाळेतल्या प्रत्येक चित्रात आपण तोच फासला. तुझ्या तिसऱ्या चित्रात तू स्वतःला दोन छटा उजळ केलंयस. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफर करतो ते आपण आपल्या हाताने कशाला करायचं? ट्यूबमधून तयार येणारा त्वचेचा रंग विसर. यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मिसळ, सावलीत त्यात अल्ट्रामरीन निळा घाल. डोळ्यांखाली निळसर, नाकाच्या शेंड्याला तांबूस, मानेवर थोडा मातकट, असा एकाच चेहऱ्यात बदलत जाणारा रंग दिसू लागेल. अमृता शेरगिलने १९३४ मध्ये, पॅरिसमध्ये असताना, स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात रंगवलं, ते चित्र शोधून बघ. कमरेपर्यंत उघडं, तपकिरी अंग, हाताची घडी, मागे पुरुषाची सावली. बघणाऱ्याची तमा न बाळगता उभी आहे. वय अवघं एकवीस!

हिरव्याची भीती अजून जात नसेल, तर जुन्या इटालियन चित्रकारांकडे बघ. ते चेहरा रंगवताना आधी हिरव्या मातीचा थर द्यायचे आणि वर गुलाबी लावायचे. शतकांनंतर वरचा थर झिजला आणि त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी मेरी आता हिरव्या पडल्या आहेत.

साहित्य बदललंस की नजर बदलते, हे मात्र करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. पेन्सिलीने तू एकेक केस काढतेस. जुनं वर्तमानपत्र फाडून चेहरा चिकटवायला घे, केस निघणारच नाहीत. हाताने फाडायचं हं, कात्री नको. दाट छपाईचा मजकूर दुरून राखाडी दिसतो, जाहिरातीतला काळा भाग सावलीला, कोरी कड कपाळाला. गालाचं हाड एका तुकड्यात बसवावं लागतं, आणि ते बसवताना गालाचा उतार नेमका कुठे मोडतो ते पहिल्यांदा दिसतं. कोळसा घेतलास तर उलटा चाल: सगळा कागद आधी काळा करून टाक आणि रबराने उजेड ‘काढ’. कपाळावर एक जागा पुसलीस, नाकावर एक, की अंधारातून माणूस वर यायला लागतो. मला विचारशील तर सगळ्यात पहिल्यांदा हेच कर.

घरातलंही वापर. कोऱ्या चहाचा हात कागदावर मस्त तपकिरी बसतो, वाळवून वर दुसरा हात दिला की गडद होतो. हळद पाण्यात कालवून चेहऱ्याला लाव आणि ती ओली असतानाच पानाला लावायच्या चुन्याचं पाणी ब्रशने टेकव. पिवळ्याचा डोळ्यांदेखत लाल होतो, कुंकू याच रीतीने करतात. मात्र हळद उन्हात उडते, ते चित्र खिडकीसमोर लावू नकोस. पांढऱ्या ऑइल पेस्टलने केसांच्या बटा ओढून वरून जलरंग फिरवलास, तर रंग बटांवरून घसरतो आणि त्या पांढऱ्या राहतात. क्रम उलटा केलास तर ही जादू होत नाही. पातळ कागदावर पोस्टर कलर जाड थापू नकोस, कागद फुगतो आणि रंगाचे पोपडे निघतात. त्यापेक्षा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा परवडला.

फ्रिडा काहलोच्या भुवया आणि फुलं सगळे उचलतात. तिने १९३८ साली आपला चेहरा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगवला आणि पक्षी-फुलं रंगवलेली काच त्यावर बसवली, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्स सरकारने ते विकत घेतलं. जर्मनीची कॅथे कोलवित्झ तर जन्मभर आपलाच चेहरा कोळशात, लिथोग्राफमध्ये, लाकडाच्या ठशात आणि शेवटी ब्राँझमध्ये घडवत राहिली. चेहरा एकच, पण लाकडाच्या ठशात जी कठोर दिसते, ती कोळशात थकलेली दिसते.

घरी कुणीतरी म्हणेलच, “ही तू कुठे वाटतेस?” आईला तर हिरवं नाक बघून तुला कावीळ झाल्यासारखं वाटेल. वाद घालू नकोस, रंग वाया घालवतेस म्हणून ओरडली तर माझं नाव सांग. दिवाळीला येशील तेव्हा सगळी चित्रं घेऊन ये, बिघडलेलीसुद्धा. आणि प्रत्येकाच्या मागे तारीख आणि काय काय वापरलंस ते पेन्सिलने लिहून ठेव. हळदीला चुना किती लागला होता, हे पुढच्या वेळी कुणालाही आठवत नाही.