सूर्याचे माप

मे महिन्यातील दुपारी सटाण्यातील एखाद्या पत्र्याच्या घरात बसून पाहावे. पत्र्याला खिळ्याचे बारीक भोक असते आणि खाली जमिनीवर उन्हाचा कवडसा पडतो. भोक वेडेवाकडे असले तरी कवडसा मात्र गोल! कारण ती भोकाची आकृती नव्हे, सूर्याची प्रतिमा होय.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेले. ‘सूर्य पृथ्वीपेक्षा १०९ पट मोठा’ हे वाक्य आपण शाळेत पाठ केले. पण हे कोणी व कसे मोजले, असे विचारले नाही. या कवडशात त्याचे अर्धे उत्तर आहे.

भोकाच्या खाली ३ मीटरवर, किरणांना काटकोनात पांढरा कागद धरावा. कवडशाच्या व्यासातून भोकाची रुंदी वजा केली की सुमारे २.८ सेंटीमीटर उरतात. ३०० ला २.८ ने भागले की १०७ येतात. म्हणजे सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट दूर आहे. (सूर्याकडे थेट मात्र कधीही पाहू नये, डोळ्यांना कायमची इजा होते.)

परंतु एवढ्याने सूर्याचा आकार कळत नाही. जवळची थाळी आणि दूरचे मैदान डोळ्यांना सारखेच दिसू शकते. आकार ठरवायचा तर अंतर कळले पाहिजे. खरी अडचण येथेच होती.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे भास्कराचार्य. मालेगावपलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ (इ. स. ११५०) या ग्रंथात भास्कराचार्य पृथ्वीचा व्यास सुमारे १५८१ योजने व सूर्याचा ६५२२ योजने देतात. म्हणजे सूर्य केवळ चौपट! मग आचार्यांचे निरीक्षण चुकले काय? मुळीच नाही. सूर्यबिंबाचा त्यांनी दिलेला कोन सुमारे साडेबत्तीस कला आहे. आजचा सरासरी आकडा ३२ कला. चूक अंतरात होती. सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात, असे त्या काळी गृहीत धरीत. सूर्याच्या एका फेरीला चंद्राच्या १३ पटींहून थोडा अधिक काळ लागतो, म्हणून त्याचे अंतरही तितकेच पट मानले गेले. वास्तविक ते सुमारे ३८९ पट आहे. आचार्यांच्याच कोनाला आजचे अंतर लावून पाहिले, तर सूर्य पृथ्वीच्या १११ पट येतो!

हे अंतर पुढे अनेक देशांतील लोकांनी मिळून शोधले. १७६१ आणि १७६९ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिला गेला, आणि त्या नोंदींतील फरकावरून सूर्याचे अंतर काढण्यात आले. आज ते सरासरी १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटर मानतात. त्याला आपल्या १०७ ने भागले की सूर्याचा व्यास सुमारे १४ लक्ष किलोमीटर येतो. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. भागाकार, १०९ च्या आसपास.

आता ही तुलना बागलाणच्याच मालात करू. पृथ्वी म्हणजे खसखशीचा १ मिलिमीटरचा दाणा, तर सूर्य म्हणजे ११ सेंटीमीटरचे टपोरे डाळिंब. दोहोंत अंतर सुमारे पावणेबारा मीटर. चंद्र त्या दाण्यापासून ३ सेंटीमीटरवर. दाणा डाळिंबाच्या मध्यभागी ठेवला, तर चंद्राची संपूर्ण फेरी डाळिंबाच्या आतच होईल! आकारमानाने अशा १३ लक्ष पृथ्वी सूर्यात मावतील. मात्र सूर्य वायुरूप व विरळ असल्याने वजनाने तो पृथ्वीच्या सुमारे ३ लक्ष ३३ हजार पटच भरतो. या दाण्यावर १,५६७ मीटर उंचीचा आपला साल्हेर कोठे शोधावा?

मित्रहो, आकडे उद्या विसरले तरी चालतील. आचार्यांचे उत्तर चुकले, पण त्यांची रीत चुकली नव्हती. म्हणून आठशे वर्षांनंतरही तिच्यातील एक आकडा बदलताच बरोबर उत्तर मिळते. कोणी मोठा आकडा सांगितला, तर तो कशावरून, असे नम्रपणे विचारावे. त्यासाठी विज्ञान शाखेत नाव घालावे लागत नाही. पत्र्याचे एक भोक आणि एक फूटपट्टी पुरते.